विश्लेषण : डेटाबेस बदलला की ‘प्रश्न’ही का बदलावे लागतात?

मोबाइलवर बँकेतील शिल्लक पाहणे, रेल्वेचे तिकीट काढणे, बारावीचा निकाल उघडणे किंवा सातबारा डाउनलोड करणे, या प्रत्येक कृतीत पडद्यामागे एका डेटाबेसला प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तर स्क्रीनवर दिसते. हा डेटाबेस बदलण्याचा निर्णय अनेक कंपन्या, बँका आणि सरकारी विभाग घेतात. माहिती एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवणे हे त्यातील दिसणारे काम. पण सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षे लिहिले गेलेले हजारो प्रश्न नव्या डेटाबेसला जसेच्या तसे विचारले, तर काहींची उत्तरे मिळत नाहीत आणि काहींची चुकीची मिळतात. असे का घडते आणि ते कसे टाळले जाते, याविषयी…

क्वेरी म्हणजे नेमके काय?

डेटाबेसमध्ये माहिती कोष्टकांच्या रूपात असते. विद्यार्थ्यांचे एक कोष्टक, गुणांचे दुसरे, शाळांचे तिसरे. प्रत्येक कोष्टकात रकाने आणि ओळी. ‘नाशिक जिल्ह्यातील ज्या विद्यार्थ्यांना गणितात ३५ पेक्षा कमी गुण आहेत त्यांची नावे आडनावाच्या क्रमाने द्या’ हा प्रश्न डेटाबेसला समजेल अशा भाषेत लिहिला, की त्याला क्वेरी म्हणतात. या भाषेचे नाव एसक्यूएल. तिचे वैशिष्ट्य असे, की माहिती कशी शोधायची हे सांगावे लागत नाही, कोणती माहिती हवी तेवढेच सांगायचे. शोधण्याचा मार्ग डेटाबेस स्वतः ठरवतो.

एखाद्या मध्यम आकाराच्या बँकेच्या किंवा विद्यापीठाच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा हजारो क्वेरी असतात. काही अ‍ॅपच्या कोडमध्ये, काही रात्री आपोआप चालणाऱ्या कामांमध्ये, काही अहवालांमध्ये, तर काही खुद्द डेटाबेसच्या पोटात लिहिलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये. डेटाबेस बदलायचा म्हणजे या सगळ्यांना हात लावावा लागतो.

भाषा एकच, मग बोली वेगवेगळ्या का?

याचे उत्तर इतिहासात आहे. आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती कोष्टकांच्या स्वरूपात मांडण्याचा सिद्धान्त प्रसिद्ध केला. त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये त्यासाठी ‘सिक्वेल’ ही भाषा मांडली. हे नाव आधीच दुसऱ्या कंपनीचे व्यापारचिन्ह असल्याने ती पुढे एसक्यूएल झाली. १९७९ मध्ये आज ओरॅकल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने तिच्यावर आधारित डेटाबेस बाजारात आणला.

या भाषेचे अमेरिकी मानक मात्र १९८६ मध्ये आणि आंतरराष्ट्रीय मानक १९८७ मध्ये आले. तोपर्यंत प्रत्येक कंपनीने आपापल्या ग्राहकांच्या गरजेप्रमाणे भाषेत भर घातली होती. मानक आल्यानंतरही ही भर कोणी काढून टाकली नाही, कारण ग्राहकांचे सॉफ्टवेअर तिच्यावर उभे होते. पुढे मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर, १९९५ मधील मायएसक्यूएल आणि कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या प्रकल्पातून आलेला पोस्टग्रेस-एसक्यूएल हे प्रमुख स्पर्धक झाले. प्रमाण मराठी एक असली तरी वऱ्हाडी, अहिराणी आणि मालवणी वेगळ्या ऐकू येतात, तसेच हे आहे. फरक इतकाच, की माणूस संदर्भाने अर्थ लावून घेतो. यंत्र तसे करत नाही.

डेटाबेस बदलण्याची वेळ का येते?

पहिले कारण पैसा. मोठ्या व्यावसायिक डेटाबेसचे परवाना शुल्क अनेकदा संगणकाच्या प्रोसेसरच्या संख्येनुसार आकारले जाते. वापर वाढला, की खर्चही वाढतो. दुसरे कारण एकाच कंपनीवर अवलंबून राहण्याची भीती. ओरॅकलने सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी घेतल्यावर २०१० मध्ये मायएसक्यूएल ओरॅकलकडे गेला. त्याआधीच, २००९ मध्ये मायएसक्यूएलचे एक निर्माते मायकल विडेनियस यांनी ‘मारियाडीबी’ ही स्वतंत्र शाखा सुरू केली होती. तिसरे कारण धोरण. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. ई-प्रशासनाच्या यंत्रणांमध्ये मुक्तस्रोत पर्यायाला प्राधान्य द्यावे, अशी त्याची दिशा आहे.

सर्वांत गाजलेले स्थलांतर अ‍ॅमेझॉनचे. सुमारे ७,५०० ओरॅकल डेटाबेसमधील ७५ पेटाबाइट माहिती आपल्याच क्लाउड सेवेतील डेटाबेसमध्ये हलवल्याचे कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर केले. १०० हून अधिक तुकड्या त्यावर काम करत होत्या. डेटाबेसवरील खर्च ६० टक्क्यांहून अधिक कमी झाल्याचा दावाही कंपनीने केला. प्रवास नेहमी एकाच दिशेने होतो असेही नाही. उबरने २०१६ मध्ये पोस्टग्रेसकडून मायएसक्यूएलकडे जाण्याची कारणे जाहीरपणे मांडली होती.

कोणते फरक लगेच लक्षात येतात?

काही फरक असे, की नवा डेटाबेस प्रश्न समजत नसल्याचे लगेच सांगतो. ‘पहिल्या १० ओळी द्या’ हे मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये ‘लिमिट’ या शब्दाने सांगतात, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘टॉप’ने, तर ओरॅकलच्या जुन्या क्वेरींमध्ये ‘रोनम’ने. रिकाम्या जागी पर्यायी किंमत देण्यासाठी ओरॅकलमध्ये ‘एनव्हीएल’ आहे. मानकात त्यासाठी ‘कोअलेस’ हा शब्द आहे. दोन कोष्टके जोडताना, जुळणारी नोंद नसली तरी पहिली नोंद ठेवा, हे सांगण्यासाठी ओरॅकलमध्ये (+) ही खूण वापरली जाई. इतर ठिकाणी ती चालत नाही. ‘नोंद असेल तर बदला, नसेल तर नवी करा’ यासाठी ओरॅकलमध्ये ‘मर्ज’ आहे. पोस्टग्रेसमध्ये याची सोय २०१६ च्या सुरुवातीला वेगळ्या शब्दांत आली आणि ‘मर्ज’ २०२२ मध्ये आले.

हे सर्व कष्टाचे, पण तुलनेने सुरक्षित काम. क्वेरी चालत नाही, चुकीचा संदेश येतो, अभियंता ती दुरुस्त करतो. मात्र येथेही नुसती शब्दांची अदलाबदल पुरत नाही. ओरॅकलचा ‘रोनम’ ओळींना क्रमांक देतो तो क्रमवारी लावण्याच्या आधी. त्यामुळे ‘सर्वाधिक १० ठेवी’ शोधणारी क्वेरी निष्काळजीपणे लिहिली असेल, तर ती कोणत्याही १० ठेवी उचलून त्यांचीच क्रमवारी लावते. ‘लिमिट’ आधी क्रमवारी लावतो, मग १० घेतो. शब्द बदलला की येथे उत्तरही बदलते. क्वेरी लिहिणाऱ्याला मुळात काय हवे होते, हे त्यामुळे शोधावेच लागते.

मग खरा धोका कोठे आहे?

खरा धोका न अडखळता चालणाऱ्या, पण वेगळे उत्तर देणाऱ्या क्वेरींचा. त्याचे साधे उदाहरण म्हणजे मराठी पद्धतीचे पूर्ण नाव. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव हे तीन रकाने जोडून प्रमाणपत्रावर छापायचे आहेत. एखाद्या व्यक्तीचे मधले नाव नोंदलेलेच नाही. डेटाबेसच्या भाषेत अशा अज्ञात जागेला ‘नल’ म्हणतात.

ओरॅकलमध्ये || या खुणेने तीन रकाने जोडले, तर ‘नल’ असलेला भाग रिकामा धरला जातो आणि नाव व आडनाव छापले जाते. पोस्टग्रेसमध्ये हीच क्वेरी, याच खुणेने, विनातक्रार चालते. पण तेथे नियम असा, की अज्ञात गोष्ट कशालाही जोडली तरी उत्तर अज्ञातच. परिणामी त्या व्यक्तीचे पूर्ण नावच कोरे छापले जाते. मायएसक्यूएलमध्ये तर || या खुणेचा अर्थ मुळात ‘किंवा’ असा घेतला जातो. तेथे नावाऐवजी शून्य किंवा एक येऊ शकतो.

याचीच दुसरी बाजू अशी, की ओरॅकल रिकाम्या मजकुरालाही ‘नल’च मानतो. बाकीचे प्रमुख डेटाबेस ‘माहीत नाही’ आणि ‘रिकामे आहे’ यांत फरक करतात. म्हणून ‘ज्यांचा मोबाइल क्रमांक नोंदलेला नाही त्यांची यादी द्या’ ही क्वेरी स्थलांतरानंतर निम्मीच नावे देऊ शकते. उरलेल्यांचा रकाना नव्या डेटाबेसच्या दृष्टीने भरलेला असतो, फक्त रिकाम्या मजकुराने.

गुणवत्ता यादी कशी बिघडू शकते?

५०० पैकी ४३३ गुण. टक्केवारी काढण्यासाठी क्वेरीत ४३३ भागिले ५०० गुणिले १०० असे लिहिले आहे. ओरॅकल आणि मायएसक्यूएल याचे उत्तर ८६.६ देतात. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये दोन्ही रकाने पूर्णांकांचे असतील, तर भागाकारही पूर्णांकच येतो. ४३३ भागिले ५०० म्हणजे शून्य. शून्य गुणिले १०० म्हणजे शून्य. त्यावर उपाय सोपा आहे. आधी १००.० ने गुणायचे आणि मग भागायचे. पण त्यासाठी ही क्वेरी कोठे आहे हे आधी माहीत हवे.

येथे निदान शून्य टक्के पाहून कोणीतरी आरडाओरडा करील. क्रमवारीचा फरक अधिक फसवा आहे. परीक्षेला गैरहजर विद्यार्थ्यांचे गुण ‘नल’ ठेवले आहेत आणि यादी उतरत्या क्रमाने मागितली आहे. मायएसक्यूएल ‘नल’ला सर्वांत लहान मानतो, त्यामुळे गैरहजर विद्यार्थी यादीच्या तळाशी जातात. पोस्टग्रेस आणि ओरॅकल ‘नल’ला सर्वांत मोठा मानतात. त्यामुळे मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसवर आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये गैरहजर विद्यार्थी गुणवत्ता यादीत सर्वांत वर दिसतात. ‘पहिले १०’ एवढेच दाखवणारे पान असेल, तर खऱ्या गुणवंतांची नावे तेथे येणारच नाहीत. ‘नल शेवटी ठेवा’ असे क्वेरीत स्पष्ट लिहिणे हा त्यावरचा उपाय.

क्रमाबाबत आणखी एक गैरसमज असतो. क्वेरीत क्रम मागितलाच नसेल, तर कोणताही डेटाबेस क्रमाची हमी देत नाही. जुन्या डेटाबेसमध्ये नोंदी योगायोगाने नेहमी एकाच क्रमाने येत असतात आणि सॉफ्टवेअर त्यावर विसंबून राहते. डेटाबेस बदलला की तो योगायोग संपतो. मग ‘पुढील पान’ दाबल्यावर आधीच्याच काही नोंदी पुन्हा दिसतात आणि काही दिसतच नाहीत.

तारखेचा घोळ कसा होतो?

ओरॅकलच्या ‘डेट’ या प्रकारात तारखेबरोबर वेळही साठते. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलच्या ‘डेट’मध्ये फक्त तारीख. नाव एकच असल्याने रकाना जसाच्या तसा हलवला, तर व्यवहाराची वेळ गळून पडते. उलट दिशेने गेल्यास दुसरीच अडचण येते. ‘१ मार्च ते ३१ मार्च’ असे विचारल्यावर वेळ साठवणारा डेटाबेस ३१ मार्च म्हणजे त्या दिवसाचा मध्यरात्री १२ चा ठोका धरतो. नव्या रकान्यात वेळही साठू लागली, तर ३१ मार्चच्या दिवसभरातील व्यवहार महिन्याच्या बेरजेतून बाहेर राहतात. आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवसच हिशेबातून गायब होणे ही लेखापालासाठी साधी गोष्ट नाही.

‘आत्ता किती वाजले’ या प्रश्नाचे उत्तरही बदलते. ओरॅकलचा ‘सिसडेट’ त्या क्षणाची वेळ सांगतो. पोस्टग्रेसचा ‘नाऊ’ व्यवहार सुरू झाला तेव्हाची वेळ सांगतो आणि व्यवहार संपेपर्यंत तीच सांगत राहतो. रात्री एकाच व्यवहारात तीन तास चालणारे व्याज आकारणीचे काम असेल, तर सर्व नोंदींवर एकच वेळ उमटते. हा दोष नाही, मुद्दाम ठरवलेला नियम आहे. पण जुन्या सॉफ्टवेअरला तो ठाऊक नसतो.

मराठी मजकुराला वेगळी अडचण येते का?

येते. ‘ज्ञानेश्वर’ या नावात आपण चार अक्षरे मोजतो. संगणकासाठी त्यात व्यंजने, हलन्त आणि मात्रा मिळून १० खुणा आहेत. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट घेते. म्हणजे हे नाव ३० बाइटचे झाले. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये रकान्याची मर्यादा ३० ठेवली, तर ती ३० खुणांची असते. ओरॅकलमध्ये वेगळी सूचना दिली नसेल, तर मर्यादा बाइटमध्ये मोजली जाते. तेथे ३० च्या रकान्यात ‘ज्ञानेश्वर’ जेमतेम बसते आणि त्यापुढे एक मात्राही मावत नाही. फक्त इंग्रजी नावे घेऊन केलेल्या चाचणीत ही अडचण कधीच दिसत नाही, कारण रोमन अक्षर एकाच बाइटमध्ये मावते.

मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ-८’ या नावाने दिलेली जुनी सोय खुणेमागे जास्तीत जास्त ३ बाइटच साठवत असे. त्यात मराठी बसत होती, पण ४ बाइटची इमोजी बसत नव्हती. त्यासाठी २०१० मध्ये वेगळी सोय द्यावी लागली.

अकारविल्हे यादीचेही तसेच. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो. युनिकोडच्या क्रमांकांत तो ‘ल’ला लागून आहे. त्यामुळे निव्वळ क्रमांकाने लावलेल्या यादीत ‘काळे’ हे ‘कासार’च्या आधी येतात आणि ‘क्षीरसागर’ यादीच्या शेवटी न जाता ‘कोल्हे’ आणि ‘खरे’ यांच्या मध्ये बसतात. कोणता क्रम वापरायचा हे प्रत्येक डेटाबेस आपल्या मांडणीनुसार ठरवतो. मतदार यादी किंवा वर्गाची हजेरी यांत हा फरक लगेच दिसतो.

इंग्रजी मजकुरात लहान-मोठ्या लिपीचा प्रश्न आहे. मायएसक्यूएल तुलना करताना सहसा हा भेद मानत नाही, पोस्टग्रेस मानतो. ईमेलचे पहिले अक्षर मोबाइलच्या कीबोर्डने आपोआप मोठे केले, की काल चालणारे लॉगिन आज ‘असे खाते अस्तित्वात नाही’ असे सांगते.

व्यवहार मध्येच अडकला तर काय होते?

खात्यातून पैसे वजा करणे आणि दुसऱ्या खात्यात जमा करणे ही दोन कामे एकत्रच व्हायला हवीत. अशा गठ्ठ्याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. त्यातील एखाद्या पायरीत चूक झाली, तर ओरॅकल आणि मायएसक्यूएल सहसा फक्त ती पायरी रद्द करतात आणि पुढचे काम चालू राहू शकते. पोस्टग्रेस पूर्ण गठ्ठाच थांबवतो आणि तो मागे घेईपर्यंत दुसरे काहीही स्वीकारत नाही.

जुन्या सॉफ्टवेअरला पहिली पद्धत गृहीत असते. ती टिकवण्यासाठी पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक पायरीआधी ‘सेव्हपॉइंट’, म्हणजे परत येण्याची खूण ठेवली जाते. अशा खुणा थोड्या असतील तर प्रश्न नाही. पण एका व्यवहारात त्या ६४ च्या पुढे गेल्या, तर पोस्टग्रेसची त्या लक्षात ठेवण्याची जलद जागा अपुरी पडते आणि गर्दीच्या वेळी कामाचा वेग घसरू शकतो.

ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेतील ‘सीएनबीसी’ने अ‍ॅमेझॉनच्या अंतर्गत अहवालाचा हवाला देऊन एक वृत्त दिले. त्या वर्षी जुलैत झालेल्या ‘प्राइम डे’ या विक्रीच्या दिवशी ओहायो राज्यातील एका मोठ्या गोदामाच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि १५ हजारांहून अधिक पार्सलना विलंब झाला, असे त्यात म्हटले होते. हे गोदाम ओरॅकलवरून अ‍ॅमेझॉनच्या पोस्टग्रेस-आधारित डेटाबेसवर आले होते. दोन डेटाबेस ‘सेव्हपॉइंट’ वेगळ्या पद्धतीने हाताळतात, याचा अहवालात उल्लेख असल्याचेही वृत्तात नमूद होते.

उत्तर बरोबर, पण उशिरा आले तर?

तीही अडचणच. प्रत्येक डेटाबेस उत्तर शोधण्याचा मार्ग आपल्या पद्धतीने ठरवतो. ओरॅकलमध्ये हा मार्ग सुचवण्यासाठी क्वेरीत खास टिपा लिहिता येतात. त्या टिपा टिप्पणीच्या खुणांमध्ये असल्याने पोस्टग्रेस त्यांना साधी टिप्पणी समजून सोडून देतो. चुकीचा संदेश येत नाही, पण दोन सेकंदांत येणारे उत्तर दोन मिनिटे घेऊ शकते. एक हजार नोंदींवर केलेल्या चाचणीत हे कळत नाही, एक कोटी नोंदींवर कळते. त्यामुळे वेगाची चाचणी खऱ्या आकाराच्या माहितीवरच करावी लागते.

हे काम आपोआप करणारी साधने नाहीत का?

आहेत आणि ती उपयोगी आहेत. ‘ओरा-टू-पीजी’ हे मुक्तस्रोत साधन ओरॅकलची रचना पोस्टग्रेसमध्ये बदलून देते आणि काम किती अवघड आहे याचा अंदाजही देते. अ‍ॅमेझॉनचे रचना बदलणारे स्वतःचे साधन आहे. दुसरा मार्ग म्हणजे नव्या डेटाबेसलाच जुनी बोली शिकवणे. ‘एंटरप्राइझडीबी’ या कंपनीचा पोस्टग्रेसवर आधारित डेटाबेस ओरॅकलची बरीच बोली समजतो. पुण्यातही या कंपनीचे अभियंते काम करतात. अ‍ॅमेझॉनने २०२१ मध्ये आणलेले ‘बॅबलफिश’ एसक्यूएल सर्व्हरची बोली पोस्टग्रेसला समजावते.

पण साधने शब्द बदलतात, हेतू ओळखत नाहीत. डेटाबेसच्या पोटातील मोठे प्रोग्राम आणि चालता चालता तुकडे जोडून तयार होणाऱ्या क्वेरी त्यांच्या हाती पूर्णपणे लागत नाहीत.

अ‍ॅप आणि डेटाबेस यांच्यामध्ये दुभाषी ठेवण्याचीही पद्धत आहे. जँगो, हायबरनेट यांसारखी साधने प्रत्येक डेटाबेसला योग्य अशी क्वेरी स्वतः तयार करतात. त्यामुळे पुढचे स्थलांतर सोपे होते, तरी संपत नाही. सॉफ्टवेअर क्षेत्रातील गिटलॅब ही कंपनी असा दुभाषी वापरून मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या दोन्हींवर आपले उत्पादन चालवत होती. दोन दगडांवर पाय ठेवून नवी वैशिष्ट्ये देणे जड जाऊ लागल्यावर जुलै २०१९ मध्ये तिने मायएसक्यूएलची साथ सोडली.

मग योग्य पद्धत कोणती?

पहिली पायरी मोजदादीची. कोणत्या क्वेरी प्रत्यक्ष चालतात, याची नोंद जुन्या डेटाबेसकडूनच घेता येते. मात्र आठवडाभराची नोंद पुरत नाही. मार्चअखेरीची आणि निकालाच्या दिवशीची क्वेरी वर्षातून एकदाच चालते आणि नेमकी तीच सर्वांत महत्त्वाची असते.

दुसरी पायरी वर्गवारीची. अडखळणाऱ्या क्वेरी एका बाजूला. न अडखळता वेगळे उत्तर देऊ शकणाऱ्या दुसऱ्या बाजूला. रिकामी जागा, भागाकार, तारीख, क्रम आणि मजकुराची तुलना यांपैकी काहीही असलेली क्वेरी दुसऱ्या गटात टाकून माणसाने वाचावी लागते.

तिसरी पायरी तुलनेची. एकच क्वेरी जुन्या आणि नव्या डेटाबेसला विचारून उत्तरे ताडून पाहायची. नुसती ओळींची संख्या जुळणे पुरेसे नाही. रकमांची बेरीज, रिकाम्या जागांची संख्या, सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी तारीख हेही जुळायला हवे. काही काळ दोन्ही डेटाबेस समांतर चालवून आणि उत्तर मात्र जुन्याचेच ग्राह्य धरून खात्री करता येते. शेवटी, काही बिघडले तर जुन्यावर परत जाण्याची वाट मोकळी ठेवायची आणि तीही आधी वापरून पाहायची.

हे न केल्याची किंमत ब्रिटनमधील टीएसबी बँकेने मोजली. एप्रिल २०१८ मध्ये तिने ५२ लाख ग्राहकांची माहिती नव्या यंत्रणेवर नेली. तेथे केवळ क्वेरींचा नव्हे, तर संपूर्ण बँकिंग यंत्रणा बदलण्याचा प्रश्न होता. ब्रिटिश नियामकांच्या निष्कर्षानुसार माहिती नीट हलली, पण यंत्रणा लगेच कोलमडली. सर्व शाखांना फटका बसला आणि कामकाज पूर्वपदावर यायला डिसेंबर उजाडला. बँकेने ग्राहकांना ३ कोटी २७ लाख पौंड भरपाई दिली. डिसेंबर २०२२ मध्ये तिला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड झाला.

सामान्य ग्राहकाने काय पाहावे?

‘यंत्रणा अद्ययावत करण्यासाठी शनिवारी रात्री सेवा बंद राहील’ असा संदेश येतो तेव्हा मागे प्रत्येक वेळी डेटाबेसच बदलत असतो असे नाही. पण कारण कोणतेही असो, मोठ्या बदलाआधी शिल्लक, शेवटचे काही व्यवहार आणि आपल्या नोंदीचा स्क्रीनशॉट ठेवलेला बरा. सेवा पुन्हा सुरू झाल्यावर पूर्ण नाव, मधले नाव, जन्मतारीख, नोंदलेला मोबाइल क्रमांक आणि त्या रात्रीच्या आसपासचे व्यवहार एकदा तपासावेत. फरक आढळल्यास तक्रार लेखी करून तिचा क्रमांक घ्यावा. संगणकावर कोणताही चुकीचा संदेश न दाखवता नाव कोरे राहिले असेल, तर ते सर्वांत आधी ज्याचे नाव आहे त्यालाच दिसते.